पगाराची पावती नसलेले घर आणि महाविद्यालयाची फी

बालरोगतज्ज्ञाने या स्मरणिकेत लसीकरण, कुपोषण किंवा तापाविषयी लिहावे, अशी वाचकांची अपेक्षा असते. या वर्षी विषय थोडा वेगळा आहे. लिंबायत, डिंडोली, गोडादरा, नवागाम या भागांत ज्या बालकांना आपण पोलिओचे थेंब पाजले, ती आता बारावी उत्तीर्ण होऊन महाविद्यालयाच्या दारात उभी आहेत. त्यांचे पालक आजही आपल्याच दवाखान्यात येतात. मात्र प्रश्न बदलला आहे. "साहेब, पगारदाराला एक कागद पुरतो. आम्ही काय दाखवायचं?" हा प्रश्न दरवर्षी जून-जुलैत माझ्यासमोर येतो. त्याचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

खानदेशातून, म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून येथे स्थायिक झालेली आपली कुटुंबे पूर्वी प्रामुख्याने लूमवर कामाला जात. पुढील पिढीने स्वतःचे काहीतरी उभे केले. कोणी एम्ब्रॉयडरीची यंत्रे घातली, कोणी रिक्षा घेतली, कोणी किराणा दुकान काढले. घरातील स्त्रिया साडीला लेस लावणे, टिकली चिकटवणे, धागे कापणे ही कामे करतात. या घरांत कष्ट आहेत, उत्पन्नही आहे. नाही ती फक्त पगाराची पावती. शिष्यवृत्ती किंवा शैक्षणिक कर्ज देणारी यंत्रणा तर कागदच पाहते.

एक उदाहरण

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्याकडे जन्मापासून येणाऱ्या एका मुलाला बारावीत उत्तम गुण मिळाले आणि अभियांत्रिकीला प्रवेशही मिळाला. वडिलांचे एम्ब्रॉयडरीचे जॉबवर्क होते. दोन वर्षांपूर्वी नवीन यंत्रासाठी कर्ज हवे म्हणून विवरणपत्र भरून देणाऱ्याने त्यांचे वार्षिक उत्पन्न सव्वासात लाख दाखविले होते. शिष्यवृत्तीसाठी काढलेल्या उत्पन्नाच्या दाखल्यात तेच उत्पन्न एक लाख ऐंशी हजार होते. शैक्षणिक कर्जाच्या अर्जात तिसराच आकडा होता. पडताळणीत तीनही कागद समोरासमोर आले आणि अर्ज अडकला. त्या वर्षीची फी आईच्या दागिन्यांतून भरली गेली.

मला अधिक खंत वाटली ती पुढे. शांतपणे बसून हिशेब केला तेव्हा त्यांचे खरे उत्पन्न पाच लाखांच्या आत निघाले. खरा आकडा लिहिला असता, तर ते कुटुंब योजनेच्या मर्यादेत सहज बसत होते! मुलगा दहावीत असताना याच वडिलांनी मला याविषयी विचारले होते आणि "आधी गुण तर मिळू द्या, बाकीचे पुढे पाहू" असे मी म्हणालो होतो. माझा तो सल्ला चुकीचा होता.

उत्पन्न म्हणजे नेमके काय?

सर्वांत मोठा गैरसमज येथेच आहे. बँकेच्या खात्यात वर्षभरात जमा झालेली रक्कम ही उलाढाल होय, उत्पन्न नव्हे. समजा, एखाद्या जॉबवर्क करणाऱ्याची वर्षाची बिले ११,४०,००० रुपयांची आहेत. त्यातून कारागिरांची मजुरी ३,६०,०००, धागा-टिकली १,२०,०००, वीज ८४,०००, जागेचे भाडे ७२,०००, दुरुस्ती ३०,००० आणि यंत्राच्या कर्जावरील व्याज २४,००० असा एकूण ६,९०,००० रुपयांचा खर्च वजा केला, तर उरतात ४,५०,०००. पत्नीचे लेसकामाचे ४८,००० त्यात मिळवले की कुटुंबाचे उत्पन्न ४,९८,००० रुपये होते. पुस्तकपास पाहून "आपण तर अकरा लाखवाले, आपल्याला कोण मदत देणार" असे समजून अर्जच न करणारी कुटुंबे मी पाहिली आहेत.

मात्र दोन पथ्ये पाळावीत. कर्जाच्या हप्त्यातील मुद्दल, घरखर्च आणि मुलांची फी हा धंद्याचा खर्च नव्हे. तो वजा करता येत नाही. तसेच पत्नीची किंवा मोठ्या मुलाची कमाई लपवू नये.

आयकर कायद्यात लहान व्यावसायिकांसाठी अंदाजित नफ्याची सोय आहे. त्यात सविस्तर हिशेबवह्यांची सक्ती नसते. उलाढालीच्या किमान ८ टक्के, आणि बँकेमार्फत अथवा डिजिटल मार्गाने आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के नफा दाखवावा लागतो. आपल्यासारख्या वैद्यकीय व्यावसायिकांना हेच प्रमाण ५० टक्के आहे. यातील 'किमान' हा शब्द महत्त्वाचा. प्रत्यक्ष नफा अधिक असेल तर अधिकच दाखवावा. वरील उदाहरणात ८ टक्क्यांनी नफा जेमतेम ९१,००० येतो. एवढ्या उत्पन्नात चौघांचे घर कसे चालते, हा प्रश्न कर्ज देणारी बँक विचारणारच. शिष्यवृत्तीसाठी उत्पन्न कमी दाखवावेसे वाटते आणि कर्जासाठी जास्त. दोन्ही कागद एकाच विद्यार्थ्याच्या नावाने फिरतात, हे विसरू नये.

कोणत्या वाटा उपलब्ध आहेत?

पहिली वाट गुजरात शासनाची 'मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना'. ती २०१५ पासून आहे आणि जातीवर आधारित नाही, हे आपल्या समाजासाठी विशेष महत्त्वाचे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत आणि बारावीत ८० किंवा अधिक पर्सेंटाइल, या तिच्या मुख्य अटी होत. वैद्यकीय व दंतवैद्यकीय अभ्यासक्रमासाठी शिक्षण शुल्काच्या निम्मे किंवा २ लाख, अभियांत्रिकी-फार्मसीसारख्या अभ्यासक्रमांसाठी निम्मे किंवा ५०,०००, तर कला, वाणिज्य, विज्ञान पदवीसाठी निम्मे किंवा १०,००० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती दरवर्षी मिळते. विवरणपत्र भरत नसल्यास तसे स्वयंघोषणापत्र द्यावे लागते. पुढील वर्षी नूतनीकरणासाठी गुण आणि उपस्थिती दोन्ही पाहिली जातात. केवळ प्रवेश मिळाला म्हणून निश्चिंत होऊ नये.

दुसरी वाट शैक्षणिक कर्जाची. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या 'पीएम-विद्यालक्ष्मी' योजनेत निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला तारण व जामीनदाराविना कर्जाची तरतूद आहे. कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि दुसरी शासकीय शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत मिळत नसेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात व्याजात ३ टक्के सवलत मिळू शकते. एकाच वेळी दोन लाभ घेता येतील का, हे म्हणूनच आधी पाहावे.

गाव की सुरत?

पुष्कळ पालक विचारतात, "आमचा जातीचा दाखला धुळ्याचा आहे, तो इथं चालेल का?" अनुसूचित जाती-जमातींच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्येच स्पष्ट केले आहे, की एका राज्यातील दर्जा स्थलांतरानंतर दुसऱ्या राज्यात आपोआप लागू होत नाही. दुसऱ्या बाजूने, महाराष्ट्र शासनाच्या शुल्क सवलती तेथील अधिवासी विद्यार्थ्यांसाठी आहेत. येथे जन्मून येथेच बारावीपर्यंत शिकलेल्या मुलासाठी गावाकडून अधिवासाचा दाखला 'काढून आणण्याचा' मोह टाळावा. दोन राज्यांत दोन अधिवास दाखविणे हे पुढे प्रवेशच धोक्यात आणू शकते.

तयारी नववीपासून

बाळाच्या वाढीच्या तक्त्यावर एका दिवसाच्या वजनावरून आपण निष्कर्ष काढत नाही. सलग नोंदी पाहतो. उत्पन्नाचेही तसेच आहे. स्वयंरोजगारी पालकांकडून बँक सामान्यतः दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागते, आणि ती बारावीच्या निकालानंतर एका आठवड्यात निर्माण होत नाहीत. म्हणून मूल नववीत गेले की पुढील गोष्टी सुरू कराव्यात :

१. धंद्यासाठी स्वतंत्र बँक खाते ठेवावे. बिलबुक, वीजबिल, भाडे आणि मजुरीची नोंद एका वहीत करावी.

२. उत्पन्न करपात्र नसले तरी दरवर्षी मुदतीत विवरणपत्र भरावे. आकडा स्वतः समजून घेतल्याशिवाय सही करू नये.

३. सर्व कागदांवरील नावे जुळवावीत. आपल्याकडे वडिलांच्या नावापुढे शाळेत 'भाई' लागते, आधारवर लागत नाही. कुठे 'पाटील'चे 'पटेल' झालेले असते. ही दुरुस्ती प्रवेशाच्या धावपळीत होत नाही.

४. विद्यार्थ्याचे बँक खाते आधारशी जोडलेले असावे.

५. उत्पन्नाचा दाखला मामलतदार कार्यालयाच्या जनसेवा केंद्रातून वेळेत काढावा. त्यावरील आकडा विवरणपत्राशी सुसंगत असावा. त्याची मुदत पाहून ठेवावी.

६. योजनांच्या अटी आणि तारखा दरवर्षी अधिकृत संकेतस्थळावर पुन्हा तपासाव्यात. गेल्या वर्षी शेजाऱ्याने काय केले, यावर विसंबू नये.

आपली भूमिका

आपण डॉक्टर सी. ए. नव्हे, आणि तसे होण्याचा प्रयत्नही करू नये. परंतु या वस्तीत पालक ज्यांचे ऐकतात, अशा थोड्या माणसांपैकी आपण आहोत. नववीतील मुलाला तापासाठी घेऊन आलेल्या आईला "यंदा विवरणपत्र भरले का?" एवढे विचारायला अर्धा मिनिट लागतो. आपल्याकडील कंपाउंडर व परिचारिकांच्या घरीही हाच प्रश्न आहे, हेही ध्यानात ठेवावे. आपल्या संस्थेने दरवर्षी मे महिन्यात एखाद्या जाणकार सी. ए.ना बोलावून लिंबायतमध्ये पालकांसाठी एक मार्गदर्शन सभा घ्यावी, अशी माझी सभासदांना विनंती आहे.

त्या मुलाच्या वडिलांनी दुसऱ्या वर्षी कागद नीट केले आणि मदत मिळाली. मुलगा आज नोकरीला लागला आहे. आईचे दागिने मात्र परत आले नाहीत. एका वेळेवर विचारलेल्या प्रश्नाने ते वाचले असते. पुढच्या आईचे तरी वाचावेत, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.