आधी ब्रेक, मग रंग

वाचकहो, बैल घेताना आपण काय बघतो? शिंगांना रंग आहे, पाठीवर झूल आहे, एवढ्यावर भुलून कोणी शेतकरी बैल घेत नाही. तो दात बघतो, खूर बघतो, चार पावले चालवून बघतो. मगच बोली लावतो. पण जुनी मोटारगाडी घेताना हे शहाणपण आपण घरी ठेवून जातो. रंग चकचकीत दिसला, आत गाणे वाजले, की झाला सौदा पक्का!

आमचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. जिल्हा शेतीचा. हळद, सोयाबीन, कापूस ही इथली पिके. पूर्वी माल बैलगाडीने बाजारात जाई. आता बराचसा पिकअप गाडीने जातो. नवी पिकअप घ्यायची तर लाखो रुपये लागतात. म्हणून बेताच्या ऐपतीचा माणूस जुनी घेतो आणि घरच्या अंगणात तिला सुधारतो. यात वाईट काही नाही. पण कोणते काम आधी आणि कोणते मागून, हे कळले पाहिजे. तेच या पाठात सांगायचे आहे.

उतारावर काय झाले

आमच्या शेजारच्या शेतकऱ्याने चौदा वर्षांची एक पिकअप घेतली. आम्हाला म्हणाला, "गुरुजी, पोळ्याच्या आत रंग मारून घेतो. निळा रंग, अन् मागं लेकीचं नाव." आम्ही म्हटले, "छान होईल." त्या वेळी आम्हालाही काही कळत नव्हते. आम्ही मॅट्रिक झालेले मास्तर. आमचे हात खडूचे, पान्याचे नव्हेत.

तिसऱ्या दिवशी तो खताची पोती घेऊन येत होता. ओढ्याच्या उतारावर त्याने ब्रेक दाबला. पेडल थेट तळाला गेले. गाडी थांबेना. पुढे शाळा सुटून पोरे चालली होती. त्याने हॉर्न दाबून धरला, गिअर खाली घेतला, हँडब्रेक ओढला आणि गाडी बांधाला घातली. पोरे वाचली. चार पोती ओढ्यात गेली. संध्याकाळी तो आमच्या ओसरीवर आला, तेव्हा त्याचे हात कापत होते. म्हणाला, "गुरुजी, रंगाचं राहू द्या. आधी काय करायचं ते सांगा."

मग आम्ही गाडीची पुस्तिका मिळवली. काम त्याने, त्याच्या पुतण्याने आणि हिंगोलीच्या एका जाणत्या मिस्त्रीने केले. आम्ही वाचून दाखवले. त्यांचे हात आणि आमचा चष्मा, असे ते काम तीन महिने चालले. त्यातून एक सूत्र हाती आले. ते असे: आधी थांबणे, मग वळणे, मग चालणे, शेवटी नटणे.

कागद वाचा

पान्याला हात लावण्याआधी कागद हाती घ्यावा. गाडीच्या नोंदणीच्या कागदाला आरसी म्हणतात. त्यावर इंजिनचा नंबर आणि चेसिसचा नंबर असतो. हेच नंबर गाडीवर कोरलेले असतात. एकेक अक्षर जुळवून बघावे. एकही अक्षर चुकले तर पैसे देऊ नयेत.

गाडी विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. त्यासाठी २९ आणि ३० नंबरचे फॉर्म आहेत. "करू की सावकाश" असे म्हणू नये. नाव बदलले नाही, तर अपघात झाल्यावर जुना मालक आणि नवा मालक दोघेही कोर्टाच्या पायऱ्या चढतात.

माल वाहणाऱ्या गाडीला योग्यतेचा दाखला लागतो. पहिली आठ वर्षे तो दर दोन वर्षांनी घ्यायचा, त्यानंतर दर वर्षी. विमा तर हवाच. विमा नसलेली गाडी रस्त्यावर आणणे हा गुन्हा आहे.

गाडीचा सांगाडा

पिकअप ही जीपगाडीच्या कुळातली. महिंद्र कंपनीने १९४७ पासून परदेशी जीपचे सुटे भाग आणून ती आपल्या देशात जोडायला सुरुवात केली. टाटा कंपनीने १९८८ साली आपली पिकअप बाजारात आणली. या गाड्यांच्या खाली शिडीसारखा लोखंडी सांगाडा असतो. त्यालाच चेसिस म्हणतात. त्याच्यावर पुढे केबिन आणि मागे हौदा, असे दोन्ही बोल्टांनी बसवलेले असतात. मागच्या चाकांवर पोलादाचे पाटे असतात. अशी बांधणी असल्यामुळे एकेक भाग सोडवून दुरुस्त करता येतो.

हौदा चांगला की वाईट ते वरून कळत नाही. चटई किंवा पत्रा उचलून खाली बघावे. आपल्याकडे खताची पोती नेतात. पोते फाटते, खत सांडते, त्यात पावसाचे पाणी मिसळते. ते पाणी लोखंड खाते. म्हणून खत वाहून आणल्यावर हौदा धुवावा. सांगाड्यावर हातोडीने हलके ठोकून बघावे. खणखणीत आवाज आला तर लोखंड चांगले. बद आवाज आला, खपल्या पडल्या, तर गंज आत शिरला आहे. वरवरचा गंज तारेच्या ब्रशने घासून रेड ऑक्साइड लावता येते. सांगाड्याला भोक किंवा चीर पडली असेल तर ते घरचे काम नव्हे. ते जाणत्या वेल्डरकडूनच करून घ्यावे, आणि वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या तारा काढाव्यात.

एक गोष्ट जिवाची आहे. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधी शिरू नये. दगड आणि विटा यांवर गाडी टेकवू नये. वीट भार पडला की फुटते. गाडी सपाट, टणक जागी उभी करावी, चाकांना उटी लावावी आणि सांगाड्याखाली लोखंडी घोडी द्यावी. मगच खाली जावे.

थांबणे

पाय पेडलवर पडतो तेव्हा चाक कसे थांबते? पेडल एका नळकांड्यातला दट्ट्या ढकलते. त्या नळकांड्याला मास्टर सिलिंडर म्हणतात. त्यातले ब्रेक ऑइल बारीक नळ्यांतून चारही चाकांकडे दाबले जाते. तिथे लहान सिलिंडर असतात. ते लायनरला ड्रमवर दाबतात. घर्षण होते आणि चाक थांबते.

तेल दाबून लहान होत नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत जातो. हवा मात्र दाबली जाते. नळीत हवा शिरली की पेडल लिबलिबीत होते. ब्रेक ऑइलमध्ये दुसरा एक दोष आहे. ते हवेतली ओल शोषते. उतारावर सारखा ब्रेक दाबला की ते तापते. ओल धरलेले तेल लवकर उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल खाली जाते. आमच्या शेजाऱ्याच्या गाडीत दोन्ही दोष होते. तेल चहासारखे काळपट झाले होते आणि मागच्या चाकाचा सिलिंडर गळत होता.

म्हणून जुनी गाडी घरी आली की हे करावे:

१. चारही चाके काढून लायनर आणि ड्रम बघावेत. आतली धूळ तोंडाने फुंकू नये. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ते छातीत गेले तर मोठा रोग होतो. ओल्या फडक्याने पुसावे.

२. सिलिंडरचे रबर बदलावे. गळके सिलिंडर आणि फुगलेल्या, चिरलेल्या नळ्या बदलाव्यात.

३. ब्रेक ऑइल नवे भरावे. टाकीच्या झाकणावर इंग्रजीत 'डॉट' आणि पुढे ३ किंवा ४ असा आकडा असतो. तो वाचून तसेच तेल आणावे. इंजिन ऑइल त्यात चुकूनही घालू नये. त्याने रबर फुगते आणि ब्रेक निकामी होतो.

४. हवा काढावी. याला दोन माणसे लागतात. एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने चाकाजवळचा निपल सैल करावा. बुडबुडे निघाले की निपल आवळावा, मगच पेडल सोडावे. सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी. टाकीतले तेल संपू देऊ नये.

काम झाल्यावर गाडी अंगणात हळू चालवून बघावी. रस्त्यावर नेण्याआधी मिस्त्रीकडून एकवार तपासून घ्यावी. इथे अभिमान धरू नये.

आता थोडे गणित. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर, म्हणजे ५५ फूट जाते. आपला पाय पेडलवर पडेपर्यंतच ती एवढी पुढे जाऊ शकते. शिवाय वेग दुप्पट झाला, तर ब्रेक लागल्यावर थांबायचे अंतर चौपट होते. दुप्पट नव्हे, चौपट!

वळणे आणि चालणे

स्टिअरिंग हलवून बघावे. चाक न वळता ते बरेच फिरत असेल, तर त्याचे सांधे झिजलेले आहेत. ते बदलावेत.

टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की टायर बाद. टायरचे वयही बघावे. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. आमचा शेजारी अक्षरे शिकून नुकताच वाचू लागला होता. टायरपाशी उकिडवा बसून त्याने बोट ठेवले आणि म्हणाला, "गुरुजी, दोन, तीन, एक, नऊ." आम्ही सांगितले, "पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात हा टायर बनला." तो हसला. म्हणाला, "म्हंजे बैलाचे दातच की हे!" मग त्याने स्वतःच उरलेले तीन टायर वाचले. एक फारच म्हातारा निघाला.

इंजिनचे काम यानंतर. तेल बदलावे, तेलाचा, डिझेलचा आणि हवेचा फिल्टर बदलावा. पट्टा, रेडिएटर आणि पाण्याच्या नळ्या बघाव्यात. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये, अंग भाजते. काढलेले काळे तेल ओढ्यात किंवा बांधावर ओतू नये. डब्यात भरून जुने तेल घेणाऱ्याला द्यावे.

कोणती सुधारणा करावी?

मागचे दिवे, इंडिकेटर आणि चमकती पट्टी आधी. रात्री उभ्या वाहनावर मागून दुसरे आदळते, ते या पट्टीने टळते. सीटचे पट्टे धड करावेत. वायरिंगला फ्यूज असावा. फ्यूजच्या जागी तार गुंडाळणे म्हणजे गाडीत निखारा ठेवणे. दिव्यात मोठ्या ताकदीचा बल्ब घालू नये. वायर तापते आणि समोरच्याचे डोळे दिपतात.

आणखी एक मोह असतो. पाटे वाढवायचे आणि माल जास्त भरायचा. पाटे वाढले म्हणून ब्रेक वाढत नाहीत. समजा, आरसीवर रिकाम्या गाडीचे वजन १७०० किलो आणि भरलेल्या गाडीचे २९०० किलो लिहिले आहे. वजाबाकी केली तर १२०० किलो उरले. म्हणजे १२ क्विंटल. त्यात चालकाचे वजनही आले. ५० किलोची २२ पोती भरावीत, ४० नव्हे. जास्त भार धरला गेला तर दंड २०,००० रुपये, आणि वरच्या दर टनाला आणखी २,००० रुपये. गाडीची मूळ बांधणी किंवा इंजिन बदलायचे तर परिवहन कार्यालयाची परवानगी आधी घ्यावी लागते.

हौदा मालाचा आहे

४ एप्रिल २०२५ रोजी वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या शेतमजूर बाया हळदीच्या कामाला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून निघाल्या. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत पडला. सात बाया गेल्या. ती ट्रॉली होती, पिकअप नव्हे. पण दोन्ही मालासाठी आहेत. हौद्यात धरायला काही नाही, पट्टा नाही. गाडी अडखळली तर आतला माणूस बाहेर फेकला जातो. मालगाडीत फुकट बसवलेल्या प्रवाशाची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले आहे. मजुरीला जाणाऱ्यांना वाहन मिळत नाही, ही अडचण खरी. पण ब्रेक कितीही नवे केले तरी हौदा माणसांचा होत नाही.

आमच्या शेजाऱ्याच्या गाडीला रंग शेवटी लागला. पोळा केव्हाच होऊन गेला होता. खंडेनवमीला त्याने गाडी धुतली, निळ्या रंगावर झेंडूचा हार घातला आणि नारळ फोडला. मागे लेकीचे नाव होते. ते त्याने स्वतः, एकेक अक्षर लावून, आम्हाला वाचून दाखवले. मग गाडीत बसला आणि ओढ्याच्या उतारावर गेला. आम्ही वर उभे होतो. त्याने ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली.

विचार करा आणि सांगा

१. ब्रेक ऑइल जुने झाले की काय होते?
२. टायरवर १२२२ लिहिले असेल, तर तो कोणत्या साली बनला?
३. तुमच्या गावातल्या एका गाडीची आरसी वाचा. तिच्यात किती पोती भरता येतील?