शेतकरी संघटना आणि ‘लक्ष्मीमुक्ती’ : रास्त भावाच्या मागणीकडून घरातील हिशेबाकडे

प्रस्तावना

शेतकरी चळवळीच्या अभ्यासात बहुधा भाव, कर्ज व अनुदान या प्रश्नांचाच विचार होतो. मात्र शासनाकडे न्याय मागणारा शेतकरी स्वतःच्या घरात कोणता न्याय पाळतो, हा प्रश्न तितकाच मूलभूत आहे. महाराष्ट्रातील शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ कार्यक्रमाद्वारे तो उघडपणे विचारला. प्रस्तुत लेखात या कार्यक्रमामागील विचार व त्याच्या मर्यादा स्पष्ट केल्या आहेत.

रास्त भावाची भूमिका

शरद जोशी (१९३५–२०१५) यांनी स्वित्झर्लंडमधील नोकरी सोडून चाकणजवळील आंबेठाण येथे शेती केली व १९७९ मध्ये शेतकरी संघटनेची स्थापना केली. १९८० मधील कांदा व ऊस आंदोलन आणि १९८१ मधील निपाणीचे तंबाखू आंदोलन यांमागे एकच सूत्र होते : शेतमालाच्या भावातून उत्पादनखर्च भरून निघत नाही आणि कुटुंबाच्या श्रमांचे मोल त्या हिशेबात धरले जात नाही.

चांदवड ते लक्ष्मीमुक्ती

हे सूत्र पुढे नेले की अडचणीचा प्रश्न उभा राहतो. निंदणी, खुरपणी, वेचणी, गुरांची देखभाल ही स्त्रियांची कामे घरातील हिशेबात तरी कोठे धरली जातात? १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे भरलेल्या शेतकरी महिला अधिवेशनात स्त्रियांच्या प्रश्नांना संघटनेचे व्यासपीठ मिळाले. त्यानंतर १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम आकारास आला. पतीने स्वेच्छेने आपल्या जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करावा आणि गृहलक्ष्मीच्या ऋणातून मुक्त व्हावे, असे त्याचे स्वरूप होते. गावातील किमान शंभर कुटुंबांनी असे केल्यास ते गाव ‘लक्ष्मीमुक्त’ मानले जाई. जळगाव जिल्ह्यातील विटनेर हे अशा गावांपैकी एक होय. एकट्या शेतकऱ्याला भावकीची टीका सोसावी लागली असती; सारे गाव सहभागी झाल्याने तीच गोष्ट प्रतिष्ठेची ठरली.

कायद्याच्या चौकटीत

महाराष्ट्राने १९९४ मध्ये व केंद्राने २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला. पत्नीची स्थिती वेगळी आहे. पतीच्या निधनानंतर ती वारस असते; परंतु त्याच्या हयातीत त्याच्या जमिनीवर तिची मालकी निर्माण होत नाही. लक्ष्मीमुक्तीने नेमक्या याच उणिवेवर बोट ठेवले. तथापि सात-बारा उताऱ्यावरील नोंद म्हणजे मालकीहक्क नव्हे. महसुली नोंद खरी असल्याचे गृहीत धरले जात असले, तरी ते गृहीतक पुराव्याने खोडता येते. बक्षीस म्हणून जमीन द्यावयाची असल्यास नोंदणीकृत बक्षीसपत्र आवश्यक असते. शिवाय कागदावर नाव लागले तरी पीक कोणते घ्यावे आणि विक्रीचा पैसा कोणाच्या हाती पडावा, हे निर्णय आपोआप स्त्रीकडे येत नाहीत.

समारोप

कार्यक्रम ऐच्छिक असल्याने तो पतीच्या सद्भावनेवर अवलंबून राहिला, ही त्याची मोठी मर्यादा. तरीही श्रमाला दाम मागणाऱ्यांनी आपल्या घरातील श्रमांचे देणे मान्य केले, हे त्याचे मोल कमी नाही. शेतकरी चळवळींचे मूल्यमापन करताना त्यांनी शासनाकडून काय मिळविले, याबरोबरच आपल्या सभासदांकडून काय मागितले, हाही निकष लावावयास हवा.