आकाशउडीतील जीवाचा धोका

आकाशउडीत विमानातून साधारण १० ते १३ हजार फुटांवरून उडी घेतली जाते. पालथ्या स्थितीत पडणाऱ्या माणसाचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या आसपास स्थिरावतो आणि मिनिटभरातच पॅराशूट उघडावे लागते. पाठीवरच्या पिशवीत मुख्य आणि राखीव अशी दोन पॅराशूट असतात. मुख्य छत्री गुंतली, तर छातीच्या उजव्या बाजूची मूठ ओढून ती तोडायची आणि लगेच डावीकडची ओढून राखीव उघडायची. हा क्रम जमिनीवर इतका घोटून घेतात की वर विचार करावा लागू नये. माणूस बेशुद्ध झाला, तरी एक स्वयंचलित यंत्र ठरावीक उंचीवर राखीव पॅराशूट उघडते.

अमेरिकेत २०२३ मध्ये सुमारे ३६ लाख ५० हजार उड्यांमागे १० मृत्यू नोंदले गेले. छत्री न उघडणे हेच मृत्यूचे मुख्य कारण असावे, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात बरेच अपघात छत्री नीट उघडल्यावर, जमिनीजवळ वेगाने वळण घेताना होतात. उंची हातची गेली की चूक सुधारायला वेळच उरत नाही.

पुण्याच्या शीतल महाजन यांनी १८ एप्रिल २००४ रोजी आयुष्यातली पहिलीच उडी थेट उत्तर ध्रुवावर, उणे ३७ अंश तापमानात घेतली. हे धाडस विलक्षणच. पण सर्वसाधारण शिकाऊ माणूस पहिली उडी बहुधा प्रशिक्षकाला बांधून घेतो.