ध्यान दहा मिनिटांचे, जेवण घरचे. पण भाकरी कोण करणार?

एप्रिल महिना आला की आपल्या कार्यकर्त्यांचे जेवण म्हणजे चहा आणि वडापाव. रात्री दोनपर्यंत बैठक, सकाळी पुन्हा वर्गणी, मंडप, परवानगी. जयंती पार पडते आणि पाठोपाठ पित्त, चिडचिड, झोप न लागणे सुरू होते. वस्तीत काम करताना तिशीतच शुगर निघालेले तरुण मी पाहिले आहेत. समाजासाठी झिजणे आपल्याला ठाऊक आहे, पण झिजून संपणे म्हणजे त्याग नव्हे.

भगवान बुद्धांनी भोजनात मात्रा ओळखायला सांगितले आहे. संयुक्त निकायात कोसलचा राजा प्रसेनजित याची गोष्ट येते. तो भरपूर जेवून धापा टाकत बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला दोष दिला नाही, की उपास करायलाही सांगितले नाही. जाणीव ठेवून, प्रमाणात जेवणाऱ्याचा त्रास कमी होतो, एवढ्याच अर्थाची एक गाथा सांगितली. सुदर्शन नावाच्या तरुणाने ती पाठ केली आणि राजाच्या प्रत्येक जेवणावेळी तो ती म्हणू लागला. राजाचा आहार हळूहळू कमी झाला आणि शरीर हलके झाले. यात चमत्कार काही नाही. जेवताना आपण काय करतोय याची आठवण राहिली, इतकेच. या आठवणीलाच पालीत ‘सति’ म्हणतात, म्हणजे स्मृती, सजगता.

तिचा सराव म्हणजे आनापानसति. ताठ पण सैल बसा. डोळे मिटा. नाकाशी येणारा-जाणारा श्वास फक्त जाणा, तो लांबवू नका, रोखू नका. मन मोर्चात, मोबाईलवर, भांडणात जाईल. गेले हे कळले की रागावू नका, पुन्हा श्वासावर या. हे परत येणे हाच सराव. सुरुवातीला रोज दहा मिनिटे पुरे. यामुळे राग आणि उत्तर यांच्यामध्ये थोडी जागा तयार होते आणि बैठकीत शब्द जपून निघतो. पण ध्यान हे औषध नव्हे. मन सतत खचलेले असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जाच. सरकारची टेलिमानस हेल्पलाईन १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे.

आता जेवण. ‘हेल्दी’ म्हटले की ओट्स आणि महागडे डबे डोळ्यांपुढे येतात. खरे तर आपल्या आयांच्या चुलीवर काय कमी होते? ज्वारीची भाकरी, तांदुळजा, घोळ, अंबाडी, जवसाची चटणी, सुकट, अंडी. शाहू पटोले यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकघराची नोंद केली, तेव्हा अनेकांना कळले की आपल्या ताटालाही इतिहास आहे. त्या ताटाची लाज वाटण्याचे कारण नाही. फक्त मीठ, तेल आणि साखरेवर लक्ष ठेवा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा.

एक सोपा पदार्थ सांगते. एक वाटी ज्वारीच्या कण्या आणि अर्धी वाटी मूगडाळ अर्धा तास भिजवा. कुकरमध्ये दोन चमचे तेलात जिरे, ठेचलेला लसूण, कांदा, मिरची, हळद परता. मूठभर चिरलेली पालेभाजी, भिजवलेले धान्य, पाच वाट्या पाणी आणि बेताचे मीठ घाला. चार-पाच शिट्ट्या. तीन-चार जणांचे पोटभर जेवण तयार.

आता खरा प्रश्न. आमच्या विहारात रविवारी सकाळी आनापान सुरू केले, तेव्हा मुले वेळेवर यायची, बाया शेवटी धावत यायच्या. एकदा एक मावशी हसत म्हणाल्या, “ताई, ध्यान तुमचं, भाकऱ्या माझ्या.” मला हसता आले नाही. समाजशास्त्रात घरकामाच्या विभागणीवर पानेच्या पाने वाचली होती, तिने ते एका वाक्यात सांगितले. ज्याला मनःशांतीसाठी दहा मिनिटे मिळतात, त्याची ती दहा मिनिटे बहुतेक वेळा घरातल्या बाईने दिलेली असतात. समतेवर भाषण देऊन घरी आयते ताट मागायचे, हा धम्म नव्हे.

म्हणून आम्ही नियम केला. रविवारचा नाश्ता मुले करतील, विहारातच. पहिल्यांदा कण्या खाली लागल्या. आता लागत नाहीत. सतिपट्ठान सुत्तात खाताना, पिताना, चालतानाही सजग राहायला सांगितले आहे. मग कांदा चिरताना, भांडी घासताना का नाही?

मित्रांनो, या आठवड्यात एवढेच करा. रोज दहा मिनिटे श्वास, आणि एक वेळचा स्वयंपाक स्वतःच्या हाताने. आईला, बहिणीला, बायकोला सांगा, “आज तू बस, मी करतो.”

नमो बुद्धाय, जयभीम!