सायखेड्यात ऊन, नदीला पूर

वर कुठेतरी पाऊस

सायखेड्यात लख्ख ऊन असतं आणि गोदावरी मात्र काठोकाठ, गढूळ होऊन धावत असते. हे गाव ज्या निफाड तालुक्यात आहे, तो पर्जन्यछायेतला. इगतपुरीकडे मात्र वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. काठावरच्या माणसाने तो पाऊस पाहिलेला नसतो. तो पाहतो फक्त पाणी, आणि म्हणतो, "वर जोरात झालाय."

न्यायसूत्रांतली नदी

हा दाखला आपल्या तर्कशास्त्रात फार जुना आहे. गौतमांच्या न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायन कार्यावरून कारण ओळखण्यासाठी पूर आलेल्या नदीचंच उदाहरण देतो. मला त्याहून मोलाचा वाटतो तो सूत्रांतच नोंदवलेला आक्षेप: पाणी अडवल्यानेही नदी भरते, मग पावसाचं अनुमान खात्रीचं कसं? भाष्यातलं उत्तर असं, की नुसती वाढलेली पातळी पाहू नका. प्रवाहाचा वेग पाहा, फेस पाहा, वाहून येणारी फळं, पानं, लाकडं पाहा. दोष अनुमानाचा नाही, अर्धवट पाहण्याचा आहे.

धरणांनंतर

सायखेड्यात तो आक्षेप प्रत्यक्षात उतरला आहे. वर गंगापूर धरण (१९६५) आणि दारणा धरण, खाली नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आणि त्याचा फुगवटा. पाऊस थांबल्यावरही दरवाजे उघडे असू शकतात, आणि सोडलेलं पाणीसुद्धा वेगाने, फेसाळत, ओंडके घेऊन येतं. वात्स्यायनाच्या खुणा इथे अपुऱ्या पडतात. डोळ्यांना पूर दिसतो. तो पावसाचा, विसर्गाचा की फुगवट्याचा, हे त्यांना कळत नाही.

दुतोंड्या मारुतीला न दिसणारी दारणा

नाशकात गोदेचा पूर घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात. पाणी मूर्तीच्या कुठवर चढलं, हे पाहून पिढ्यान्‌पिढ्या अंदाज बांधले गेले. हे खरंखुरं अनुभवजन्य ज्ञान आहे, पण ते त्या घाटापुरतं. दारणा नदी गोदावरीला मिळते नाशिकच्या खाली. तिच्या पाण्याचा मारुतीला पत्ताच नसतो. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४८ साली हीच अडचण मांडली: आजवर असं घडलं म्हणून उद्याही तसंच घडेल, हे अनुभव स्वतः सिद्ध करू शकत नाही. नदी तीच राहिली तरच जुना अनुभव लागू, आणि धरणांनी नदी बदलली.

विश्वासू माणसाचा शब्द

चार्वाक प्रत्यक्षाखेरीज दुसरं काही प्रमाण मानत नाहीत. न्यायसूत्रांच्या परंपरेतले नैयायिक मात्र जाणत्या, विश्वासू माणसाच्या शब्दालाही प्रमाण मानतात, आणि पूररेषेतल्या गावात मला त्यांचीच बाजू पटते. पाणी डोळ्यांनी दिसेपर्यंत थांबलं, तर दुकानातला माल हलवायला वेळ उरत नाही. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ चे पूर सायखेड्याने सोसले आहेत. पण धरणाच्या विसर्गाची 'इतके क्युसेक सोडले' एवढीच सूचना आली, तर त्यातून काय समजायचं? गंगापूरचा आणि दारणेचा आकडा वेगवेगळा लिहावा, पाणी किती तासांनी आलं आणि कोणत्या पायरीला टेकलं ते शेजारी मांडावं. अशा नोंदींची वही ग्रामपंचायतीत असायला हवी, आणि दर पावसाळ्यात त्यातले जुने अंदाज तपासून खोडायलाही हवेत.