पद गेल्यानंतरची पाच वर्षे : निवृत्तीकडे धम्माच्या नजरेतून

हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत तीस-पस्तीस वर्षे शिफ्ट केलेला माणूस ५८ व्या वर्षी घरी येतो. पहिला महिना नातेवाइकांच्या भेटीत जातो. मग सकाळी गाडीतळावर चहा, दुपारी टीव्ही आणि संध्याकाळी विहाराच्या पायरीवर गप्पा. "आता काय राहिलंय आपलं?" हा प्रश्न आपल्या वस्त्यांत अनेक घरांत ऐकू येतो.

आपल्या समाजात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. अनेकांचे आई-वडील १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून पुण्यात आले. मुलाला कंपनीत, महापालिकेत किंवा शाळेत नोकरी लागली आणि घराण्यात पहिल्यांदा पगाराबरोबर मान आला. त्यामुळे नोकरी संपते तेव्हा मिळवलेला मानही गेला असे वाटते.

बाबासाहेब साठीला कुठे होते?

२७ सप्टेंबर १९५१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केंद्रीय कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. तेव्हा त्यांचे वय ६० होते. १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. १९५४ मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूकही ते हरले. मधुमेह होता आणि पायांचे दुखणे वाढत होते.

आता पुढचा काळ पाहा. २५ डिसेंबर १९५४ रोजी आपल्या पुण्याजवळच्या देहूरोड येथे त्यांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. १९५५ मध्ये भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली. याच वर्षांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ लिहून झाला. तो १९५७ मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रकाशित झाला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेतली तेव्हा ते ६५ वर्षांचे होते. आज आपण स्वतःला बौद्ध म्हणवतो, ते मंत्रिपद सुटल्यानंतरच्या या पाच वर्षांमुळे.

दुःखाचे कारण कोणते?

नोकरी जाणे हा अनित्यतेचा नियम आहे. दुःख होते ते 'मी म्हणजे माझे पद' या उपादानामुळे, म्हणजे घट्ट धरून ठेवण्यामुळे. अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका हे एक अंग आहे. नोकरी सुटली तरी उरलेली सात अंगे तशीच राहतात. सम्यक व्यायाम, म्हणजे योग्य दिशेने प्रयत्न, याला निवृत्तीचे वय नाही.

बुद्धांच्या संघात याची उदाहरणे आहेत. थेरी सोणा दहा मुलांची आई होती. मुलांना संपत्ती वाटून दिल्यावर त्यांनीच तिला दुर्लक्षिले. उतारवयात ती भिक्खुणी झाली आणि प्रयत्नशील भिक्खुणींमध्ये बुद्धांनी तिला अग्रस्थान दिले. आयुष्यभर घर सांभाळलेल्या आपल्या आया-बहिणींनी ही गोष्ट जरूर सांगावी, ऐकावी. राध हा वृद्ध ब्राह्मण सारिपुत्तांकडे प्रव्रजित झाला. वयाने मोठा असूनही चूक दाखवली की शांतपणे ऐकायचा, म्हणून त्याचे कौतुक झाले. उतारवयात पुन्हा विद्यार्थी होणे हेच राधाने केले.

आपल्या काळातले उदाहरण शांताबाई कांबळे यांचे. १९२३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील महूद येथे जन्मलेल्या शांताबाई शिक्षिका होत्या. १९८१ मध्ये त्या सेवानिवृत्त झाल्या. 'माज्या जल्माची चित्तरकथा' हे त्यांचे आत्मकथन पुस्तकरूपाने आले १९८६ मध्ये, म्हणजे वयाच्या ६३ व्या वर्षी.

मग हडपसरमध्ये काय करता येईल?

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. निवृत्त बांधवांनी वाचनाची जबाबदारी घ्यावी आणि आदल्या रात्री तो भाग समजून घ्यावा. ज्याने आयुष्यभर लेथ चालवली, त्याने आयटीआयला जाणाऱ्या पोरांना मोजमाप शिकवावे. नर्स असलेल्या ताईंनी महिन्यातून एकदा विहारात रक्तदाब तपासावा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पाली विभाग आहे. तेथील अभ्यासक्रमांची चौकशी करावी. आणि प्रत्येकाने एक वही घेऊन आपल्या आई-वडिलांनी गाव कसे सोडले ते लिहून ठेवावे. ते दुसरे कोणी लिहिणार नाही.

अर्थात, सगळ्यांना मोकळा वेळ मिळत नाही. कर्मचारी पेन्शन योजनेत २०१४ मध्ये किमान पेन्शन दरमहा १००० रुपये ठरली. तेवढ्यात घर चालत नाही. अनेकांना साठीनंतर सोसायटीच्या गेटवर वॉचमनची नोकरी करावी लागते. त्यांच्यावर उपदेशाचे ओझे टाकू नये. त्यांनी आठवड्यातून एक तास दिला तरी तो मोलाचा आहे. ज्यांची पेन्शन बरी आहे, मुले स्थिरावली आहेत, त्यांनी मात्र स्वतःला विचारावे : जयंतीच्या मंचावर खुर्ची मिळावी एवढीच आपली इच्छा उरली आहे का?

येत्या पौर्णिमेला विहारात जाल तेव्हा पायरीवर थांबू नका. आत जा आणि एखाद्या मुलाशेजारी बसून त्याचे पुस्तक उघडा.

जय भीम, नमो बुद्धाय!