चंद्र पाडणारा सूत्रधार

मुलें यंत्रासमोर बसून जे खेळ खेळतात त्यांस पोरखेळ म्हणून आपण मोकळे होतों; आम्हीही होत असूं. परंतु देशोदेशींचे हजारों लोक एकाच वेळीं ज्या काल्पनिक जगांत वावरतात, तें कोणीं तरी रचावें लागतें. आणि रचलेलें बिघडलें तर?

जपानांतील स्क्वेअर एनिक्स कंपनीचा 'फायनल फँटसी चौदा' हा खेळ ३० सप्टेंबर २०१० रोजीं निघाला आणि सपशेल फसला. चित्रकारांनीं फुलांच्या एका कुंडीवर खर्चिलेली कारागिरी खेळाडूच्या अख्ख्या मूर्तीइतकी. असल्या हौसेच्या भारानें यंत्रें अडखळत! डिसेंबरांत सारीं सूत्रें नाओकी योशिदा यांच्या हातीं आलीं. घर पाडून नवें बांधावें, तर आंत माणसें राहत होतीं. त्यांनीं जुन्याची डागडुजी आणि नव्याची उभारणी एकदमच चालविली.

जुनें जग गुपचूप मिटवितां आलें असतें. योशिदांनीं त्याचा अंत कथेंतच गोंवला, आणि खरी कल्पकता आम्हांस येथें दिसते. आकाशांतील तांबडा चंद्र महिनोन् महिने जवळ येत राहिला. ११ नोव्हेंबर २०१२ रोजीं खेळ थांबला. चंद्र फुटून त्यांतून पंखांचा महासर्प निघाला, आणि प्रलय झाला.

२७ ऑगस्ट २०१३ रोजीं नवें जग उघडलें. कथेंत मध्यें पांच वर्षें लोटलेलीं आहेत. तेथील रहिवाशांना जुने वीर आठवतात. पण त्यांचे चेहरे मात्र कांहीं केल्या डोळ्यांपुढें येत नाहींत.